डाव्या कानात आई, उजव्या कानात अनुसयाबाई

२ मार्च, रविवार. दुपार. मोरबी.

पाळी सुटली. अंगावर टाइलची पांढरी भुकटी तशीच आहे. आंघोळीआधीच ठराव लिहून ठेवतो. आंघोळीनंतर झोप येते आणि झोपेनंतर ठराव राहत नाही, हा अनुभव आहे.

ठराव: वेबसाइट काढायची.

(डायरी मराठीत लिहायची. अहिराणीत लिहिलं की स्वतःशीच भांडल्यासारखं वाटतं.)

कारण आबांचा फोन. तापीच्या पल्याडचे लोटन आप्पा त्यांच्या चेतनासाठी मुलगा पाहत आहेत आणि माझं नाव त्यांनी अजून खोडलेलं नाही. अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, सांगतो म्हणाले. पण तळोद्याचा एक मुलगा बी आहे. ऑफिसात आहे. कंत्राटी, पण ऑफिसात. आप्पांनी विचारलं, तुमचा हेमकांत तिकडे गुजरातमध्ये काय करतो? आबा म्हणाले, टाइल ठोकतो.

असं कोणी सांगतं? मी क्वालिटीत आहे.

चेतनाला मी ममताच्या मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं. ती पंगतीत वाढत होती. बाकी सगळ्यांना भात एकदा विचारला, मला दोनदा. ममता म्हणते, तुझं ताट रिकामं होतं म्हणून. ममता माझी बहीण असली तरी तिला या गोष्टी कळत नाहीत.

५ मार्च, बुधवार

वेबसाइट कशाची, तर आईच्या गाण्यांची. गेल्या अखाजीला ममतानं मोबाईलमध्ये भरली होती. आई म्हणजे दगूबाई. आमच्या गावात गौराईची गाणी तिनं तोंड उघडल्याशिवाय सुरू होत नाहीत. झोक्यावरची, सासर-माहेरची, आणि नदीवरच्या शिव्या बी. अखाजीला गौराई बोळवायला बाया तापीवर जातात. पल्याडच्या गावच्या बाया त्यांच्या काठावर येतात. मग दोन्ही काठांवरून गाण्यात नावं घालून शिव्या. संध्याकाळी सगळं माफ, घरोघर सांजोऱ्या.

बॅरेज झाल्यापासून मात्र उन्हाळ्यात बी पाणी काठोकाठ. पात्र इतकं रुंद झालं की या काठाचं त्या काठाला ऐकू जात नाही. तरी बाया जातात. पाण्याला शिव्या देऊन घरी येतात.

इन्स्टा कोणाचं बी असतं. वेबसाइट मोठ्या माणसाची असते. आणि आवाजाचं काम म्हणजे माझंच काम. दिवसभर टाइल उचलायची, बोटानं ठोकायची. टण्ण वाजली तर एक नंबर. भद वाजली तर आत तडा. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. नववीत सरांनी मला शाळेतून काढलं तेव्हा त्यांना हा कान दिसला नव्हता.

९ मार्च, रविवार

साइट झाली. फुकटात होते. वर माझा गॉगलवाला फोटो. आईचा फोटो खाली, जरा लहान. आधी मालक दिसला पाहिजे.

आता फक्त गाणी लावायची राहिली. म्हणजे काम संपल्यातच जमा.

१२ मार्च, बुधवार

गाणी लावणं म्हणजे टाइल लावणं नव्हे.

फाइल सरळ साइटवर चढवता येते. किंवा गाण्यांच्या एखाद्या प्लॅटफॉर्मवर ठेवून तिथला प्लेअर आपल्या साइटवर चिकटवायचा. किंवा काळ्या फोटोवर आवाज टाकून त्याचा व्हिडिओ करायचा. किंवा नुसती लिंक द्यायची, ज्याला ऐकायचं तो तिकडे जाईल. यातलं लिंकवालं मी बाद केलं. पाहुण्याला दारातून दुसऱ्याच्या घरी पाठवायचं, ही आपली पद्धत नाही.

खोलीत माझ्या शेजारच्या गादीवर इंद्रसिंग झोपतो. सारंगखेड्याकडचा आहे, लोडिंगला आहे. घोडेबाजाराचे पंधरा दिवस सोडले तर वर्षभर तो दमलेलाच असतो. त्याला विचारलं, कसं लावू? डोळे मिटूनच म्हणाला, टाक डायरेक्ट. अशिक्षित माणसाला विचारण्यात अर्थ नाही. तो बारावी आहे, पण मनानं अशिक्षितच.

१६ मार्च, रविवार

प्लॅटफॉर्मवालं करून पाहिलं. दिसायला एकदम शहरी. कडेला छोटी नारिंगी रेघ पळते.

ममताला लिंक पाठवली. तिनं आईला ऐकवलं. आधी एक बाई बोलली. जाहिरात. पाच मिनिटांत लोन, कागद नको. मग दुसरी जाहिरात, गुडघेदुखीची. आईला ती बाई फार आवडली. म्हणाली, बोलायला किती गोड आहे, पण गाणं का म्हणत नाही? मग आईचंच गाणं लागलं तेव्हा म्हणाली, हिला थांबव, त्या आधीच्या बाईला लाव.

प्लॅटफॉर्म कॅन्सल.

व्हिडिओवालं बी पाहिलं. काळा पडदा बघून आबांनी मोबाईल बंद पडला म्हणून चार्जिंगला लावला.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

दमलो. भट्टीतून आज सगळा वाकडा माल आला. बोटं सुजलीत.

फाइल सरळ चढवायचं ठरलं. इंद्रसिंगनं सांगितलं म्हणून नाही. मी अभ्यास करून त्याच जागी आलो, यात फरक आहे.

पण सरळ चढवलं की एक राखाडी पट्टी येते. तिच्यात राखाडी बटण. आईचा आवाज आणि असं सरकारी दवाखान्यासारखं बटण? चेतना हे पाहील तेव्हा तिला काय वाटेल? तळोद्याच्या मुलाच्या ऑफिसात सगळं राखाडीच असणार. आपल्याकडे काहीतरी वेगळं पाहिजे.

ठराव: बटण बदलायचं.

२७ मार्च, गुरुवार

बटणाचा रंग: आधी हिरवा, मग मोरपंखी, मग केळीच्या पानाचा हिरवा, मग पपईच्या आतला. पपईच्या आतला फायनल.

सगळा आठवडा यात गेला. इंद्रसिंगला दाखवलं. त्यानं एक डोळा उघडून विचारलं, "भो, गाणं ऐकाडनं शे का बटन दखाडनं शे?"

मी त्याला डिझाइन समजावलं. तो घोरायला लागला.

बटण दाबलं की त्याचं थांबवायचं बटण होतं, दोन उभ्या रेघा. पपईवर त्या रेघा फार वाईट दिसतात, चोचीनं टोकरल्यासारख्या. काढून टाकल्या. आता गाणं सुरू होतं, थांबत नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. विचार करून केलं आहे. माझ्या आईला आजपर्यंत कोण थांबवू शकलं?

३ एप्रिल, गुरुवार

आज डोक्यात आलं, बटण दाबायची तसदी तरी कशाला? पान उघडलं की गाणं आपोआप लागलं पाहिजे. पाहुणा आला की आपण त्याला विचारतो का, पाणी पिणार का? तांब्या पुढे करतो.

सगळ्या गाण्यांना आपोआप लावलं. लिंक ममताला.

ममताचा फोन आला, आधी नुसता गलका ऐकू येत होता. यात्रेत पाळणा तुटल्यासारखा. सगळी गाणी एकदम लागली होती. आई झोक्यावर, आई माहेरी, आई सासरी, आई नदीवर. आबा गोठ्यातून पळत आले. आई मोबाईलपासून लांब सरकून बसली आणि म्हणाली, "माय वं, मी इतल्या जनी कव्हय व्हयनू?"

मग थोड्या वेळानं म्हणाली म्हणे, की कामाच्या वेळेला इतक्या जणी कुठे असतात?

६ एप्रिल, रविवार. दुपार.

उपाय केला. फक्त एकच गाणं आपोआप. बाकीची पपई दाबल्यावर.

कोणतं? इथे माझा कान कामी आला. सगळ्या क्लिपा लावून पाहिल्या, टाइल ठोकतो तशाच. शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. शब्दांकडे लक्ष गेलं की आवाज कळत नाही. झोक्यावरच्या गाण्यात मागे शेळी ओरडते. माहेरच्या गाण्यात आई मधेच शिंकते. एकच क्लिप एकदम टण्ण निघाली, नदीवरची. आईचा आवाज खणखणीत, मागे बाया, वारा बी नाही. एक नंबर माल. तीच लावली.

आबांना सांगितलं, लोटन आप्पांना लिंक पाठवा, म्हणावं पोराचा उद्योग आहे. आबांनी पाठवली.

आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

८ एप्रिल, मंगळवार

आबांचा फोन. फार वेळ बोलले. एरवी कापूस आणि आईचा गुडघा, एवढंच बोलतात.

झालं ते असं. लोटन आप्पा संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले. रांग होती. रिकामं उभं राहून करायचं काय, म्हणून लिंक उघडली. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मोबाईलचा आवाज कायम फुल. आणि माझी आई सुरू झाली:

पल्याडनी अनुसया, तिन्ही भाकर वाकडी,
लोटन बसना चुल्हापुढे, फुकी ऱ्हायना लाकडी.

अनुसयाबाई म्हणजे आप्पांची बायको. चेतनाची आई.

आप्पांनी थांबवायचं बटण शोधलं. सापडलं नाही. अंगठ्यानं सगळ्या पपया दाबल्या. मग झोक्यावरचं आणि माहेरचं बी लागलं, पण त्यांच्या वरून लोटन चुलीपुढेच. मोबाईल काखेत धरला. काखेतून आवाज. शेवटी डेअरीतल्या सरकीच्या पोत्यात खुपसला. पोतं गायला लागलं. दूध घालून झालेली माणसं घरी जाईनात. कोणीतरी म्हणालं म्हणे, आप्पा, खरंच लाकूड फुकता का? आणि दुसरा म्हणाला, मी पाहिलं आहे.

शांतपणे विचार केला तर पहिल्याच दिवशी इतके लोक शेवटपर्यंत थांबून ऐकत होते. हे सगळ्या वेबसाइटींना जमत नाही.

पण जेवण गेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आप्पांकडून निरोप नाही. आबा माझा फोन उचलत नाहीत. आई उचलते. ती खूश आहे. तिचं म्हणणं, इतक्या वर्षांनी पल्याड ऐकू तरी गेलं.

तळोद्याचा मुलगा आप्पांकडे येऊन चहा पिऊन गेला म्हणे. चहा कोण बी पितो.

१३ एप्रिल, रविवार

निरोप आला! अनुसयाबाईंचा. स्वतः आबांना फोन केला. शिव्यांबद्दल राग नाही. अखाजीची शिवी ती शिवी नव्हेच. राग दोन गोष्टींचा. एक तर अखाजी यायच्या आत दिली, म्हणजे मुहूर्त नसताना हळद लावल्यासारखं. दुसरं, समोरचीला उत्तर द्यायची जागाच ठेवली नाही. पाण्यामुळे इतकी वर्षं आम्हाला तुमचं ऐकू येत नव्हतं, तुम्हाला आमचं. म्हणजे बरोबरी होती. आता तुमचंच वाजतंय, ही कुठली रीत?

आणि आबांना म्हणाल्या, "मन्ही बी तठे लावा. मंगच सोयरीकनं बोलसूत."

म्हणजे सोयरीक जिवंत आहे. माझ्या साइटमुळेच जिवंत आहे, हे आबांना पटवायला वेळ लागला.

इंद्रसिंगला सांगितलं. तो पहिल्यांदाच उठून बसला. म्हणाला, आमच्याकडे तर होणाऱ्या जावयाचं नाव बी अखाजीच्या शिव्यांत घालतात. त्याच्या गावात एकाला सासूनं नदीवर सगळ्यांसमोर गाढवाचा कान म्हटलं, आणि पंधरवड्यात हळद लागली. ज्याचं नाव गाण्यात आलं, तो घरचा झाला. अट एकच, समोर उभं राहून ऐकायचं आणि हसायचं. माझ्या गावी बी हीच रीत आहे, पण आमच्या घरात अजून कोणाचं आलं नाही.

मी म्हटलं, बघू, टेक्निकल काम आधी.

१८ एप्रिल, शुक्रवार

अनुसयाबाईंची क्लिप आली. चेतनानं तिच्या मोबाईलवर भरली, ममताला पाठवली, ममतानं मला. म्हणजे चेतनाच्या हातातून निघालेली वस्तू माझ्या हातात. एवढ्या मोठ्या ऑनलाइन कामाची सुरुवात अशीच होते.

इअरफोनचा एक कान गेलेला. कारखान्यात भट्टीचा आवाज, खोलीत कूलरचा. थोडं ऐकलं. माझ्या आईच्या नाकाबद्दल आणि आबांच्या उसाबद्दल आहे. आवाज भरीव. एक नंबर.

प्रश्न असा की ही लावायची कुठे? आईच्या वर लावली तर आई रुसणार. खाली लावली तर सासू.

२० एप्रिल, रविवार. दुपार.

सुपरवायझर स्वतः म्हणाला, भट्टी मेंटेनन्सला बंद राहणार आहे, तुझा कुठला सण आहे ना, घरी जाऊन ये. मी नाही म्हणालो. साइट अर्धवट टाकून घरी जाऊन मी काय, झोके घेऊ? त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मोठं काम करणाऱ्याकडे लोक असंच पाहतात.

आज एक गोष्ट सुचली. लिहिताना अंगावर काटा येतो.

तापी पश्चिमेला वाहते. पाण्याबरोबर चालत निघालं तर आमचं गाव डाव्या हाताला, चेतनाचं उजव्या. मग क्लिप एकच करायची. डाव्या कानात आई, उजव्या कानात अनुसयाबाई. ऐकणारा मधोमध. नदीत!

ना वर, ना खाली. ना आई लहान, ना सासू.

इंद्रसिंग म्हणाला, आणि नदीत उभा कोण राहणार?

त्याला कला कळत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दोन्ही क्लिपा सारख्या लांबीच्या पाहिजेत, नाहीतर एक कान आधी रिकामा होतो. आईची छोटी आहे. अनुसयाबाईंची मोठी.

जेवणाच्या सुट्टीत कटिंग केलं. भट्टी बंद तर क्रशर चालू, ऐकू काहीच येत नव्हतं. पण कटिंगच्या ॲपमध्ये आवाजाचं चित्र दिसतं. गाणं असेल तिथे डोंगर, नसेल तिथे सपाट. अनुसयाबाईंच्या डोंगरानंतर थोडं सपाट, मग शेवटी एक बारीकशी टेकडी. गाणं नाही, कोणीतरी उगीच बोललेलं. रेकॉर्डिंग बंद करायला उशीर झाला असणार. बायकांचं असंच असतं. टेकडी कापली. आता दोन्ही डोंगर बरोबर.

संध्याकाळी ममताचा फोन. विचारलं, चेतनाची क्लिप पूर्ण ऐकली का? म्हटलं, पूर्ण. तिनं विचारलं, मग? म्हटलं, मग काय, क्वालिटी चांगली आहे.

मग म्हणाली, म्हणजे तू येत नाहीस?

म्हटलं, इथे इतकं काम पडलंय.

तिनं फोन ठेवला. कौतुक करायचं तर तोंडावर करावं.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी.

सकाळी साइट चालू केली. दोन्ही गावांना लिंक. थांबवायचं बटण बी ठेवलं, आप्पांसाठी.

मेसमध्ये आज कढी-खिचडी. आमच्याकडे आमरस झाला असेल. माणसं पत्ते कुटत असतील. बाया नदीवर.

कोणाचाच मेसेज नाही. सगळे ऐकण्यात गुंग असणार.

२ मे, शुक्रवार

ममताकडून रिपोर्ट. ओढून ओढून काढावा लागला.

नदीवर ऊन फार होतं. आईनं साइट लावली. मोबाईलच्या स्पीकरवर डावं-उजवं काही राहत नाही. दोघी एकदम सुरू झाल्या. एकीचं एकीला कळेना. आई म्हणाली, हे तर आमच्या नळावरचं भांडण आहे, यासाठी एवढं शिकला का तो? मग ममतानं इअरफोन लावले. एक कान आईनं घेतला, एक काकूनं. आईला तिचंच गाणं ऐकू आलं. तिला वाटलं, पल्याडून उत्तरच आलं नाही, आपण जिंकलो. पल्याड बी तसंच झालं असणार, कारण त्या बी नाचत होत्या, लांबून दिसलं.

म्हणजे दोन्ही गावं जिंकली. हे आधी कधी झालं होतं?

तळोद्याचा मुलगा अखाजीला पल्याड आला होता. नदीवर बायांच्या समोर उभा राहिला. अनुसयाबाईंनी त्याला गाण्यात घातलं. ऑफिसातला पंखा म्हटलं, फिरतो पण वारा लागत नाही. तो हसला म्हणे, पोट धरून.

शिव्या खायला तळोद्याहून येतो. काय माणूस आहे.

११ मे, रविवार

दमलो. झोप पुरत नाही. साइटवर काही केलं नाही. पपईचा रंग जरा फिका करावा का, असा विचार येतो, मग जातो.

आबा म्हणाले, आप्पांना फोन करू का? म्हटलं, घाई नको. माणसाला विचार करायला जागा द्यावी.

आबा म्हणाले, जागा फार दिली.

२५ मे, रविवार

चेतनाची सुपारी फुटली. तळोदा.

ठराव: काही नाही.

२८ मे, बुधवार

आज सुपरवायझरनं माझ्या पेटीतून टाइल काढून स्वतः ठोकल्या. भद, भद. तडा गेलेला माल मी एक नंबरात घातला होता. त्यानं विचारलं, कान कुठे आहे तुझा?

म्हटलं, ऊन आहे.

१ जून, रविवार. दुपार.

लोटन आप्पांचा फोन. मला स्वतःला. आजपर्यंत कधी आला नव्हता. मी उठून उभा राहिलो आणि शर्ट घातला.

म्हणाले, बेटा, चेतनाच्या हळदीला तिच्या आईचं ते नदीवरचं गाणं डीजेवर लावायचं आहे. बाया हट्टाला पेटल्यात. साइटवर अडकतं, एकाच बाजूनं वाजतं, आणि तुझा फोटोच मोठा होतो. चेतनानं मोबाईल बदलला, तिच्याकडे नाही. तू नुसती फाइल व्हॉट्सॲपवर टाक. टाकता येते ना?

म्हटलं, येते आप्पा.

ममताच्या चॅटमध्ये वर वर गेलो. मूळ क्लिप तिथेच होती, माझ्या कापलेल्यापेक्षा थोडी लांब. इंद्रसिंग नुकताच नवीन इअरफोन घेऊन आला आहे. मागितला. कूलर बंद केला. पहिल्यांदा पूर्ण ऐकली. शब्दांसकट.

आईचं नाक. आबांचा ऊस. बाया हसतात. मग शांतता, भांडं ठेवल्याचा आवाज, कोणीतरी लांब गेल्याचा. आणि मग ती टेकडी. चेतना, मोबाईल तोंडाजवळ धरून, हळू:

"आठलगून ऐकं व्हई तं, अखाजीले या. माय तुम्हनं नाव गानामा घालनार शे."

इथपर्यंत ऐकलं असेल तर. आणखी काही नाही. क्लिप संपते.

पुन्हा लावली. इंद्रसिंगनं विचारलं, काय झालं? म्हटलं, आवाज चेक करतोय. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानं इअरफोन परत मागितला नाही.

आप्पांना फाइल पाठवली. कापलेली. हळदीला तीच बरोबर होती. माझं कटिंग कोणाच्या तरी कामाला आलं. एकदा दाबलं, गेली. दोन निळ्या रेघा. आप्पांनी अंगठा पाठवला.

लांबवाली मोबाईलमध्येच राहू दिली. तिला राखाडी पट्टी आहे. राखाडी बटण. दाबलं की लागते, दाबलं की थांबते. चालतंय.

उद्या सकाळची पाळी.